वाढवा म्हणजे बंद करा

पुण्याहून आलेला प्रशिक्षणाचा आराखडा रॉविना फर्नांडिसने एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्याच्यावर चहाचा कप ठेवला. कागद त्याच लायकीचा होता. दिवस पहिला, सकाळी दहा ते अकरा, 'खूणभाषांचा इतिहास'. अकरा ते बारा, 'संकल्पना व परिभाषा'. शिकणाऱ्यांचे प्रकार तीन पाडलेले: प्रारंभिक, मध्यम आणि प्रगत. ज्याने कोणी हे पाडले त्याने जामसंड्यात आठ दिवस राहून दाखवावं. इथे जितकी माणसं तितके प्रकार, आणि त्यातला एकही दुसऱ्याचं ऐकत नाही.

रॉविनाचा कॉम्प्युटर क्लास म्हणजे बाजारातल्या रेशन दुकानाच्या माडीवरच्या दोन खोल्या. एके काळी इथल्या जिन्यावर पोरांची रांग लागायची. आता सगळी अक्कल मोबाइलात आली. दहा कॉम्प्युटरांपैकी चारांवर तिच्या आईने शिवलेली फुलाफुलांची झाकणं कायमची चढली होती. म्हापशाच्या एका हॉटेलातून नोकरीचा निरोप आला होता, आणि महिनाअखेरीपर्यंत कळवते असं रॉविनाने सांगून ठेवलं होतं. तिला जायचं होतं का? छे. पण रिकाम्या खुर्च्यांना शिकवून पोट भरत नाही.

अशात हे काम हाती आलं, तेही तिच्या तोंडाळपणामुळे. पुण्याच्या एका संस्थेने विजयदुर्गापासून आरोंद्यापर्यंत फिरून जुन्या माणसांची बोलणी ध्वनिमुद्रित केली होती. चारशे तास मालवणी. त्यातून बोलता शब्दकोश करायचा होता, म्हणजे शब्दावर बोट ठेवलं की ज्या माणसाचा शब्द तोच बोलून दाखवणार. पण यंत्राला काय कळतंय, शब्द कुठला आणि अर्थ कुठला? ते कळावं म्हणून लिहून काढलेल्या बोलण्यात खुणा घालाव्या लागतात. त्या खुणांच्या भाषेचं नाव एक्सएमएल. नाव ऐकून घाबरायचं काही कारण नाही. शब्दाच्या आधी कोनी कंसात खूण लिहायची आणि शब्द संपला की तीच खूण तिरकी रेघ देऊन पुन्हा लिहायची: <शब्द>बांगडो</शब्द>. पहिल्या खुणेने दार उघडतं, दुसरीने लागतं. दार उघडं राहिलं की फाइल लाल होते आणि यंत्र पुढचं काही वाचतच नाही.

पहिल्या दहा तासांच्या खुणा शहरातल्या कचेरीत बसून मुलांनी घातल्या होत्या. संस्थेने त्या नमुना म्हणून इंटरनेटवर सगळ्यांना बघायला ठेवल्या. रॉविनाने उघडून बघितलं तर एक म्हातारी नातवाला लाडाने म्हणते, "मेल्या, चाय घे मरे," आणि त्यावर खूण घातलेली: मृत्यू. पुढे एक बाई भांडणात ओरडते, "शिरा पडो तुझ्या तोंडार," तर त्याची नोंद खाद्यपदार्थांत. रॉविना आधी हसली, मग तिचं डोकं फिरलं. तिने तिथल्या तिथे संस्थेला पत्र लिहिलं, की ज्यांना शिव्या कळत नाहीत त्यांनी शब्दकोश करायला बसू नये.

उत्तर आलं ते प्रकल्पप्रमुख भक्ती मॅडमचं. गोड नव्हतं, पण सरळ होतं. तुमच्याकडची दहा माणसं निवडा, चौदा दिवस शिकवा, पंधराव्या दिवशी मी स्वतः येऊन परीक्षा घेते. दहातली आठ उत्तीर्ण झाली तर चारशेच्या चारशे तास जामसंड्याला. सात झाली तर सगळं शहरातल्या कचेरीत. सोबत आराखडा जोडला आहे.

म्हणजे आठाच्या आकड्यावर सगळं लटकलं: कामही आणि म्हापसाही.

दहाजण जमले, आणि चारही कॉम्प्युटरांवरची झाकणं उतरली. सगळ्यांची कुळकथा सांगत बसलं तर दिवस मावळेल, तेव्हा तिघांचीच सांगू. दिव्या कॉलेजातली, बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला चक्कर यावी. खुणा उघडणं-लावणं तिला अर्ध्या तासात आलं. पण वाढलेली डोंबिवलीत, गावात येऊन दोनच वर्षं झालेली. तिची मालवणी 'खंय' आणि 'हयसर' एवढ्यावर संपायची. शब्दाचा अर्थ विचारला की ती वर पंख्याकडे बघायची.

दुसरे भिकाजी गुरुजी. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त. खुणेच्या पोटात खूण घालायची म्हणजे आधी आतली लावायची, मग बाहेरची, हे सांगताच ते म्हणाले, "म्हणजे कंचेभागुबेव. आधी आतला कंस सोडवायचा. ह्यात नवीन काय?" रॉविनाला वाटलं, सुटलो एकदाचे. पण गुरुजींची फाइल उघडली तर प्रत्येक 'माका'चा 'मला' झालेला, 'आसा'चं 'आहे' झालेलं.

"गुरुजी, अहो तो माणूस 'माका' म्हणालाय."

"चुकून म्हणाला असेल," गुरुजी शांतपणे म्हणाले.

आणि तिसरी हौसाबाई. देवगडच्या बंदरावर म्हावरं विकणारी, एकसष्ट वर्षांची, चौथी पास. तोंड असं, की लिलावात दलालसुद्धा तिला आधी बोलू द्यायचे. माहेर विजयदुर्ग. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती जिना चढून वर आली आणि म्हणाली, "तुझा पत्रक वाचलंय गो बाय. 'मालवणी येणे आवश्यक' म्हणान लिवलेला आसा. माका येता. आणखी काय होया?" रॉविनाने नाव लिहून घेतलं.

पहिल्या दिवशी रॉविना म्हणाली, "आता खूण बंद करा," तर हौसाबाईने खाली वाकून कॉम्प्युटरचं बटणच बंद केलं. दुपारी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचा मुख्य खटका खाली केला, आणि दहाच्या दहा जणांचं काम उडालं.

"काकी, काय केलंत हे?"

"तूच सांगलंस, बंद कर म्हणान. केलंय."

त्यानंतर तिने बंद करणं ह्या विषयाचाच नाद सोडला. शब्द तिला सगळे ठाऊक, अर्थ एका दमात सांगायची, कुठला शब्द कुठल्या गावचा तेसुद्धा सांगायची. पण खूण उघडली की उघडीच. एका फाइलीत चाळीस खुणा, चाळीसही दारं सताड उघडी. फाइल लालभडक. रॉविनाने तिरकी रेघ फळ्यावर काढून दाखवली, हात धरून काढून दाखवली. पालथ्या घड्यावर पाणी.

फाइली रोज पुण्याला जात होत्या, त्यामुळे चौथ्या दिवशी भक्ती मॅडमचा फोन आला.

"त्या हौसाबाईंची एकही फाइल उघडत नाहीये. प्रारंभिक गटातही बसत नसतील तर कशाला ओढताय? नाव बदलायला अजून दोन दिवस आहेत. एखादी पदवीधर मुलगी बघा."

"बघते," रॉविना म्हणाली. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. ती लाज मॅडम जे बोलल्या त्याची नव्हती. तेच तिच्या मनात कालपासून होतं, त्याची होती. शहरातल्या कचेरीला मोठ्या तोंडाने पत्र लिहिणारी ती, आणि पहिल्या अडचणीला कोणाला बाहेर काढणार, तर जिला चारशे तासांतला शब्द न् शब्द कळतो तिलाच. पण आठ म्हणजे आठ. पाचव्या दिवशी वर्ग सुटल्यावर हौसाबाईला सांगायचं असं तिने ठरवलं. कसं सांगायचं ते मात्र सुचत नव्हतं.

पाचव्या दिवशी पुण्याची सरावपत्रिका होती. प्रत्येकाच्या पडद्यावर एक नोंद, तिच्यात थोड्या खुणा आधीच उघडून, लावायला तशाच ठेवलेल्या, आणि वर सूचना: 'खालील नोंदीत योग्य तेथे खुणा वाढवा.' दिव्याने दोन मिनिटांत चार नव्या खुणा घातल्या आणि मोबाइल काढला. गुरुजी 'योग्य तेथे' ह्या शब्दांवर विचार करत बसले. रॉविना फिरत फिरत हौसाबाईच्या मागे आली आणि थांबली.

फाइल हिरवी होती.

नवी खूण एकही नव्हती. पण ज्या उघड्या होत्या त्या सगळ्या लावलेल्या, तिरकी रेघ देऊन, आतल्या आधी आणि बाहेरच्या मग. एक चूक नाही.

"काकी, हे कोणी केलं?"

"कोण करतला? मीच."

"अहो, पण कसं?"

"कसा म्हणजे? हयसर लिवलाहा ना, वाढवा म्हणान. वाढवलंय."

दिव्या खुदकन हसली. "काकी, वाढवा म्हणजे ॲड करा. अजून घाला!"

"तां तुझ्या कॉलेजात," हौसाबाई म्हणाली. "आमच्याकडे वाढवा म्हणजे बंद करा. सांजवेळेक दुकानदार दुकान बंद करता काय गो? वाढवता. हातातला कांकण फुटता काय? वाढवता. घरातले तांदूळ संपतत काय? वाढतत. भरल्या घरात बंद, फुटला, संपला असा बोलूक नसता. आनी ही बाय चार दिस सकाळ-सांज बंद करा, बंद करा करता. माका वाटला, ह्या मशिनीचाच कायतरी बिघडलाहा."

रॉविना खुर्चीवर बसलीच. जन्मभर ती हे ऐकत आली होती. तिची आई नारळ फोडत नाही, वाढवते. तिच्या खालचा रेशनवाला रोज संध्याकाळी हाक मारून सांगतो, 'बाये, दुकान वाढवतंय.' तरी चार दिवस तिच्या डोक्यात उजेड पडला नाही. शहाणी म्हणे शिकवणारी.

"आणि आतली खूण आधी वाढवायची, हे कोणी सांगितलं?"

"तेका सांगूक कित्या होया? म्हावऱ्याचे वाटे करतंय ना मी. आधी वाटो पुरो करूचो, मगे पाटी उचलूची. अर्धो वाटो ह्या पाटयेत नि अर्धो त्या पाटयेत असा कोण करता?"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे माझ्या कंसांपेक्षा सोपं आहे," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी रॉविनाने हौसाबाईला सांगायचं ते सांगितलं नाही. पुण्याला फोन करून एवढंच कळवलं, की नाव बदलणार नाही.

"जबाबदारी तुमची," भक्ती मॅडम म्हणाल्या.

"माझीच आहे," रॉविना म्हणाली, आणि फोन खाली ठेवला.

मग तिने आराखड्याचा कागद उलटा केला. चहाच्या गोल डागाच्या आजूबाजूला जागा बरीच होती. प्रारंभिक, मध्यम, प्रगत हे सगळं गेलं चुलीत. कोणाला काय येत नाही हे लिहायच्या आधी कोणाला काय येतं ते लिहून काढायचं, आणि ज्याला जे येतं त्याच वाटेने त्याला खुणांकडे न्यायचं. वाट लांबची असली तरी चालेल. एवढं ठरल्यावर बाकीचं आपसूक सुचत गेलं.

दुसऱ्या दिवसापासून 'बंद' हा शब्द वर्गात बंद झाला, म्हणजे वाढला. गुरुजींना रॉविनाने बाजूला घेतलं. "गुरुजी, पोथी उतरवून काढताना तुम्ही तिच्यातला शब्द सुधारता का?" गुरुजी दुखावल्यासारखे झाले. "पोथीतला काना-मात्रासुद्धा हलवायचा नसतो." "मग ही माणसं म्हणजे पोथ्या समजा," रॉविना म्हणाली. दुपारनंतर त्यांच्या फाइलीत पहिला 'माका' शाबूत उतरला. पण तो लिहिताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता, हेही सांगायला हवं.

आणि दिव्याला तिने सकाळी सातला बंदरावर बोलावलं. पोरगी नाक दाबतच आली. हौसाबाईने तिला पाटीशेजारी बसवलं, हातात वही दिली आणि सांगितलं, "गिऱ्हाईक काय बोलता तां सगळा लिव. शिव्या पयल्या." पहिल्या दिवशी दिव्याला सौंदाळो आणि पेडवे ह्या माशांतला फरक कळेना. चौथ्या दिवशी एका बाईने भाव पाडायला तोंड उघडलं आणि दिव्याच तिला म्हणाली, "वायंच थांबा, काकी आधी शिवी देतली, मगे भाव सांगतली." सगळं बंदर हसलं. गिऱ्हाईक नसलं की दिव्या मोबाइलवर हौसाबाईला मराठी अक्षरं उठवायला शिकवायची. हौसाबाई एकेक अक्षर काट्यातून मांस सोडवावं तसं सावकाश सोडवायची, पण चुकायची नाही.

असे दिवस भराभर गेले. रॉविना रोज रात्री निजताना बोटं मोजायची. कधी नऊ भरायची, कधी सात.

पंधराव्या दिवशी भक्ती मॅडम आल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला लॅपटॉप, चेहऱ्यावर हसू नाही आणि रागही नाही. चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला एकेक ध्वनिमुद्रण वाटलं. पहिली तीन मिनिटं ऐकायची, मजकुरात खुणा घालायच्या, वेळ दोन तास. आधीच एकजण तापाने फणफणून घरी पडला होता. नऊ राहिले. त्यांतल्या एकाने शेवटच्या ओळीत एक खूण उघडी ठेवली आणि फाइल लाल झाली. त्या बिचाऱ्याने जीभ चावली, पण परीक्षा ती परीक्षा. दिव्या हिरवी. गुरुजी हिरवे, त्यांनी पाणी मागितलं. एकेक करत सात हिरव्या झाल्या.

उरली हौसाबाई. ती कानाला हेडफोन लावून पुन्हा पुन्हा तोच तुकडा ऐकत होती. शेवटी तिने हेडफोन काढला. "वाढवलंय," ती म्हणाली.

भक्ती मॅडमनी फाइल यंत्राला दिली. लाल.

मॅडमनी जवळ जाऊन वाचलं. "सगळ्या खुणा उघडल्या-लावल्या नीट आहेत. पण इथे एक खूण आहे ती आपल्या यादीतच नाही. 'आडून'. ही कुठून आली?"

"मी घातलंय," हौसाबाई म्हणाली.

"असं आपल्या मनाने घालता येत नाही हो. यादीत वीस खुणा दिल्यात. यादीबाहेरची खूण यंत्र घेत नाही."

"यादी बघलंय मी. शब्द आसा, अर्थ आसा, गाव आसा. माणूस गप रवलो तर खयची खूण घालूची, तां नाय. म्हणान घातलंय."

मॅडमनी कपाळाला आठी घालून मुद्रणाचा क्रमांक बघितला. "हे तर सदोष मुद्रणांतलं आहे. शहरातल्या मुलांनी शेरा मारलाय: ध्वनिदोष, सहा सेकंद. सरावापुरतं ठेवलं होतं."

"दोष नाय तो, मॅडम," हौसाबाई म्हणाली. तिचा लिलावातला आवाज कुठे गेला कोण जाणे. "तो धाकू तांडेल. माझ्या माहेरचो, आमच्या शेजारचो. शेवंती तेची बायल. लाकडा काढूक खोपीत गेली आनी थयसर तिका चावला. धाकूदादाच्या हातातच गेली ती. आठ वर्सां झाली, जां चावला तेचा नाव तो तोंडातसून काढणा नाय. ऐका तुमी. 'खोपीत' म्हणता आनी थांबता. मगे म्हणता, 'जनावर होता.' जनावर म्हणजे सर्प, तां मी अर्थात लिवलंय. पण तो थांबलो कित्या, तां खंय लिवूचा? सरळ बोलूक येणा नाय तेका, म्हणान आडून बोलता. त्या गप रवण्याक आनी त्या शब्दाक मिळान मी एक खूण केलंय."

भक्ती मॅडमनी हेडफोन उचलून कानाला लावला. डोळे मिटून ऐकलं. मग पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि पुन्हा ऐकलं.

हेडफोन काढून त्या हळूच म्हणाल्या, "पण नियम तर..."

आता मात्र रॉविनाला राहवेना. पंधरा दिवस जिभेवर धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. "मॅडम, ह्या एक्सएमएलच्या नावातलं पहिलं अक्षर कशाचं आहे? एक्स्टेन्सिबलचं. वाढवता येणारी, असाच अर्थ आहे ना त्याचा? कमी पडली तर वाढवावी म्हणूनच केलीय ना ती? मग तुमच्या वीस खुणांत एक माणूस मावत नसेल तर चूक माणसाची की यादीची? ज्यांना तो आवाज दोष वाटला त्यांच्याकडेच हे चारशे तास परत पाठवणार असाल तर पाठवा. पण हौसाकाकी नापास झाल्या असं मी लिहून देणार नाही. तुम्ही द्या."

बोलून झाल्यावर तिला वाटलं, झालं. आठवा गेला, काम गेलं, आता उद्या म्हापशाला कळवायचं. हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण बोललेल्याचा पश्चात्ताप मात्र वाटेना.

भक्ती मॅडमनी खांद्यावरचा पदर नीट केला, आपला लॅपटॉप पुढे ओढला आणि खुणांची यादी उघडली. "नियम मोडता येत नाही," त्या म्हणाल्या. "यादी मात्र माझ्या हातात आहे. एकविसावी खूण, 'आडून'. तिचा खुलासा लिहावा लागतो. काय लिहू, हौसाबाई?"

हौसाबाई खुर्चीत पुढे सरकली. "लिवा: मनात आसता, तोंडार येता, पण बोलवत नाय, तां."

मॅडमनी ते तसंच लिहिलं, मालवणीतच. यादी जतन केली आणि हौसाबाईची फाइल पुन्हा यंत्राला दिली.

हिरवी.

दिव्याने हौसाबाईच्या गळ्यात हात टाकले. रॉविनाला रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. आठ. आठ म्हणजे आठ.

"हे मुद्रण पुढे किती आहे?" गुरुजींनी विचारलं.

मॅडमनी पाहिलं. "चव्वेचाळीस मिनिटांचं. पण दोष म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकलेलंच नाही."

"मगे लावा," हौसाबाई म्हणाली. "सगळ्यांका ऐकूक येतला असा लावा."

मॅडमनी हेडफोनची वायर काढली. धाकू तांडेलांचा खरखरीत आवाज खोलीत आला. 'जनावर होता' नंतर ते खाकरले, थोडा वेळ दर्याचं काहीबाही बोलले, आणि मग आपणच शेवंतीकडे वळले. एकदा आठ दिवस होडीला काही मिळालं नव्हतं, ते सांगू लागले. रिकाम्या हाताने घरी येतो तर चुलीवर बांगड्याचं सार. शेवंतीने शेजारापाजाऱ्यांना सांगितलेलं, माझ्या घोवाने आणले, आणि खुद्द नवऱ्याला सांगितलं, माहेरून आले. ऐकता ऐकता हौसाबाईच्या तोंडावर हसू फुटलं.

"माझ्याकडसून घेतलेल्यान ते," ती पुटपुटली. "तेका सांगू नको म्हणाली. मी कोणाक म्हणान सांगूक नाय. तेकाय नाय."

आणि तेवढ्यात धाकू तांडेल हसले. मोठ्याने, पोटातून. "बांगडे बाजारातले होते, तां माका पयल्याच घासाक कळला," ते म्हणाले. "पण मी कदी बोललंय नाय. तिका बरा वाटला होता मरे."

हौसाबाईने तोंडावर हात ठेवला. इतकी वर्षं जे तिने जपून ठेवलं होतं ते धाकूदादालाही ठाऊक होतं, आणि शेवंती गेली ती हे न कळताच गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि हसूही थांबेना. मग तिने पदराने डोळे कोरडे केले, खुर्ची ओढली आणि दिव्याला कोपराने ढोसलं.

"बघतंस काय गो? लिव. एकय शब्द सोडू नको."